बी.ए.ला भूगोल आणि अर्थशास्त्र एकत्र घेताना

पिंपळे सौदागर म्हटलं की आज आयटीवाल्यांच्या उंच सोसायट्या आठवतात आणि संध्याकाळी तुंबलेला रस्ता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे पुण्याजवळचं साधं शेतीचं खेडं होतं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे त्या वेळचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी त्याची घरोघर आणि शेतोशेत पाहणी केली, ती १९१७ साली छापून आली. १७७१ मध्ये तिथलं जमिनीचं सरासरी खातं ४० एकरांचं होतं. १९१४-१५ पर्यंत ते ७ एकरांवर आलं, आणि तेही सलग नव्हे. एक तुकडा घराजवळ, दुसरा पार गावाच्या दुसऱ्या टोकाला. १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान शेतांवर निबंध लिहिला आणि प्रश्नच फिरवला. शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यात घालायला भांडवल आणि अवजारं किती आहेत यावर ठरतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मते खरं दुखणं होतं शेतीवर पडलेल्या जादा हातांचं.

तुकडे कुठे आणि कसे पडले हे भूगोल सांगतो. तुकडा पडला म्हणजे तोटा झालाच का, हे अर्थशास्त्र विचारतं. घरात कधी वाटणीचा सातबारा पाहिला असेल, ‘तुकडेबंदी’ हा शब्द कानावर पडला असेल, तर या दोन विषयांची गाठ तुम्हाला आधीच माहीत आहे.

कॉलेज मात्र ती गाठ मारून देत नाही. भूगोलाचे सर वेगळे, अर्थशास्त्राच्या मॅडम वेगळ्या, दोघांची स्टाफरूमही बहुतेक वेगळ्या मजल्यावर. तीन वर्षांत दोन्ही विषय एकत्र आणणारा एकही पेपर वाट्याला न येता पदवी मिळू शकते. म्हणून पुढच्या पायऱ्या दोन गोष्टींसाठी आहेत: प्रवेश नीट घेणं, आणि घेतल्यावर ही सांधेजोड स्वतः करणं.

पायरी १: पदवीवर नक्की काय लिहून येणार ते समजून घ्या

ब्रिटनमध्ये दोन विषयांची मिळून एक पदवी ही जुनी पद्धत आहे. तिथे नावाकडे नीट बघायचं असतं. ‘जिऑग्रफी अँड इकॉनॉमिक्स’ म्हणजे साधारण निम्मं-निम्मं. ‘जिऑग्रफी विथ इकॉनॉमिक्स’ म्हणजे भूगोल मुख्य आणि अर्थशास्त्र त्याच्या जोडीला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये या दुसऱ्या नावाची पदवी आहे. तिकडे जायचा विचार असेल तर एवढंच: अर्थशास्त्राचा वाटा मोठा असलेल्या पदव्यांना शालेय पातळीचं गणित सहसा लागतंच. अकरावीला गणित सोडलं असेल तर तो रस्ता बराचसा बंद होतो.

आपल्याकडे हे मेजर-मायनर या नावानं चालतं. नवीन शैक्षणिक धोरणाखाली तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून मोजायचं एकक) लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. मेजरला निम्म्याहून जास्त वजन, मायनरला साधारण वीसेक क्रेडिट. बऱ्याच विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर ठरवायचा आणि तिसरा सोडायचा अशी सोय आहे. म्हणजे वर्षभर दोन्ही चाखून मग ठरवता येतं, आणि हे उत्तमच आहे.

‘डबल मेजर’ हा प्रकार यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात आहे: दुसऱ्या विषयात किमान ४० टक्के क्रेडिट मिळवले तर दोन्ही विषय मेजर म्हणून लागतात. कागदावर ही खरी जोडपदवी. पण आराखड्यात असणं आणि तुमच्या कॉलेजच्या वेळापत्रकात असणं यात फार अंतर आहे. माहितीपत्रकावर विसंबू नका, परीक्षा विभागात जाऊन विचारा.

पायरी २: मेजर कोणता, मायनर कोणता

याचं उत्तर आवडीवर सोडा असं सगळे सांगतात. मी तसं सांगणार नाही, कारण अठराव्या वर्षी आवड बहुधा बारावीला कोण शिकवायला होतं यावर ठरलेली असते. त्यापेक्षा पदवीनंतर काय, तिथून मागे या.

अर्थशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. करून बँक, संशोधन संस्था, धोरणाचं काम असं डोक्यात असेल तर अर्थशास्त्र मेजर घ्या. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी किंवा मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात पुढे जायचं तर पाया तिथलाच हवा. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसच्या परीक्षेला तर अर्थशास्त्राशी संबंधित पदव्युत्तर पदवीच लागते.

नकाशे, उपग्रह प्रतिमा, जीआयएस (संगणकावर माहिती नकाशाशी जोडण्याची प्रणाली), नगररचना, पाणलोट अशा कामांकडे ओढा असेल तर भूगोल मेजर. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात जिओइन्फर्मेटिक्सचं पदव्युत्तर शिक्षण आहे, डेहराडूनच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंगचे अभ्यासक्रम आहेत. नगररचनेच्या एम.प्लॅनला बऱ्याच संस्था अभियंते आणि वास्तुविशारदांबरोबर भूगोल किंवा अर्थशास्त्रात एम.ए. केलेल्यांनाही घेतात. ही वाट आपल्याकडे फार कमी मुलांना माहीत असते.

शिक्षक व्हायचं असेल तर ज्या विषयात पुढे एम.ए. आणि सेट-नेट करणार तोच मेजर ठेवा. मध्येच विषय बदलला की पात्रतेच्या अटींत नाहक अडकायला होतं.

आणि स्पर्धा परीक्षा? यूपीएससी मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषय एकच, त्याचे २५० गुणांचे दोन पेपर. भूगोल आणि अर्थशास्त्र दोन्ही त्या यादीत आहेत, आणि सामान्य अध्ययनाच्या पेपरांतही दोन्ही येतात, त्यामुळे जोडी उपयोगी आहे हे खरं. पण केवळ त्यासाठी ही पदवी घेत असाल तर तीन वर्षं क्लासच्या नोट्सवर निघतील आणि प्रॅक्टिकलची वही दुसऱ्याची उतरवली जाईल. असं होताना भरपूर पाहिलंय.

पायरी ३: फॉर्म भरण्याआधी चार प्रश्न

कागदपत्रं नेहमीचीच: बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर, शिवाय क्रेडिट जमा होण्यासाठी एबीसी आयडी. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचा अर्ज प्रवेश झाल्या झाल्या भरून टाका, शेवटच्या तारखेला सर्व्हर नेमका रुसतो.

खरं काम आहे ते पुढचं. कार्यालयात नव्हे, थेट भूगोल विभागात जाऊन हे विचारा.

भूगोल आणि अर्थशास्त्र एकाच वेळी घेता येतात का? कॉलेजं विषयांचे गट करतात आणि एका गटातला एकच विषय देतात. काही ठिकाणी हे दोघं एकाच गटात असतात आणि तिथेच गाडी अडते.

प्रॅक्टिकलची बॅच किती मुलांची, आणि केव्हा? एक थिअरी क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास, प्रॅक्टिकलचं क्रेडिट म्हणजे ३० तास. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल आठवड्याला चार तास खातं. अर्धवेळ नोकरी करत असाल, एसटीनं येऊन-जाऊन करत असाल, तर हा प्रश्न आधीच सुटलेला बरा.

संगणक चालू आहेत का? ‘जीआयएस लॅब’ अशी पाटी असलेली खोली प्रत्यक्ष उघडून पाहा. कुलूप कुणाकडे आहे हे शोधायला अर्धा तास लागला तर उत्तर मिळालंच.

आणि चौथा: तिसऱ्या वर्षापर्यंत तुम्हाला हवा तो मेजर खरोखर चालतो का? विद्यार्थी कमी पडले म्हणून मेजर बंद झाला आणि मुलांना मायनरवर समाधान मानावं लागलं, हेही घडतं. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून विचारा. तो कार्यालयापेक्षा खरं सांगेल.

पायरी ४: पहिलं वर्ष, हाताला वळण लावायचं

भूगोलाच्या पहिल्या वर्षात समोच्च रेषा, नकाशाप्रमाण, स्थलदर्शक नकाशे यांच्याशी गाठ पडते. सर्व्हे ऑफ इंडिया ही संस्था १७६७ पासून नकाशे काढते आहे. त्यांच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशा-पत्रिका संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवून घेता येतात. वर्गात जी पत्रिका मिळेल ती मिळेल, तुम्ही स्वतःच्या गावाची शोधा. क्रमांकाची पद्धत एकदा कळली की सोपं आहे: पुणे शहर ज्या अंश-पत्रिकेत (एक अंश अक्षांश आणि एक अंश रेखांशाच्या नकाशात) येतं ती ४७ एफ, तिचे सोळा भाग, त्यातल्या १४ क्रमांकात शहराचा मोठा भाग. आपल्या ओळखीच्या टेकडीच्या रेषा वाचताना ‘रेषा जवळ म्हणजे उतार तीव्र’ हे वाक्य पाठ करावं लागत नाही.

जर्नल त्या त्या आठवड्यात पूर्ण करून सही घ्या. परीक्षेच्या तोंडावर विभागप्रमुखांच्या दाराशी जी रांग लागते तिच्यात उभं राहण्यासारखं त्या वहीत काही नसतं.

अर्थशास्त्राचा धोका वेगळा. बी.ए.चं अर्थशास्त्र बऱ्याच ठिकाणी गणिताशिवाय शिकवतात. मागणीचा वक्र काढा, चार मुद्दे लिहा, गुण घ्या. तीन वर्षं छान जातात. मग एम.ए.ची प्रवेश परीक्षा समोर येते आणि तिच्यात कलन (कॅल्क्युलस), सारणी (मॅट्रिक्स), संभाव्यता यांचे ढीगभर प्रश्न. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठीच्या जॅम परीक्षेचा अर्थशास्त्राचा पेपर काढून पाहा, म्हणजे अंतर कळेल. हे अंतर तिसऱ्या वर्षी भरून निघत नाही, पहिल्या वर्षापासून रोज अर्धा तास दिला तर निघतं. ई-बालभारतीवर अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं फुकट आहेत. त्यातलं फलन, मर्यादा, विकलन एवढं आधी करा. ‘सीमांत’ हा शब्द लागलेली अर्थशास्त्रातली जवळजवळ प्रत्येक संकल्पना म्हणजे विकलन आहे, हे एकदा उमगलं की निम्मी भीती जाते.

मराठी माध्यमातून येणाऱ्यांनी दोन्ही विषयांच्या संज्ञा दोन्ही भाषांत लिहिलेली एक वही ठेवावी. पुढची बहुतेक पुस्तकं इंग्रजीत आहेत.

संख्याशास्त्र हा दोन्ही विषयांचा सामायिक बांध. मध्य, प्रमाण विचलन, सहसंबंध भूगोलाच्या प्रॅक्टिकलमध्येही येतात आणि अर्थशास्त्राच्या पेपरातही. लॉरेन्झ वक्र तर दोघांचाही: अर्थशास्त्रात त्यानं उत्पन्नातली विषमता मोजतात, भूगोलात एखादं पीक किती थोड्या तालुक्यांत एकवटलंय ते. एकदाच नीट शिका, दोनदा गुण घ्या.

पायरी ५: एक तालुका धरा आणि तो सोडू नका

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत एक तालुका निवडा, शक्यतो आपला. तीन वर्षं प्रत्येक पेपरात जे शिकाल ते त्या तालुक्यावर लावून बघा.

का, ते सातारा जिल्ह्यावरून कळेल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत माण तालुका, तिथे जेमतेम पाचशेच्या आसपास. जिल्ह्याचं सरासरी पर्जन्यमान काढलंत तर जो आकडा येईल तो पाऊस जिल्ह्याच्या फार थोड्या भागात पडत असेल. दरडोई उत्पन्नाचंही असंच: जिल्ह्याचा आकडा हा शहराचा आणि डोंगरातल्या वाड्यांचा मिळून बनलेला असतो. मोजमापाचा घटक बदलला की गरिबी दिसते किंवा लपते. महाराष्ट्रात यावर मोठं राजकारण झालंय. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ‘अनुशेष’ (विकासातली मागे राहिलेली तूट) हा शब्द घराघरांत पोचला, १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळं आली, आणि २०१३ मध्ये विजय केळकर समितीनं पुन्हा सगळा हिशोब मांडला. भूगोलाच्या मुलाला यात नकाशा दिसतो, अर्थशास्त्राच्या मुलाला निधीवाटप. तुम्हाला दोन्ही दिसायला हवं.

आता तालुक्यात साखर कारखाना असेल तर आल्फ्रेड वेबर घ्या. कच्चा माल तयार मालापेक्षा बराच जड असेल तर कारखाना कच्च्या मालाजवळ उभा राहतो, हा त्याचा १९०९ सालचा सिद्धांत. शंभर किलो उसातून साखर निघते दहा-अकरा किलो, आणि तोडल्यानंतर दर तासाला साखरेचा उतारा घसरत जातो. म्हणून धुराडं उसाच्या फडाजवळ. इथवर पाठ्यपुस्तक. पुढचे प्रश्न तुमचे: मग तोडणीची टोळी बीडहूनच का येते? तिथला पाऊस, तिथली जमीन, तिथली मजुरी यांचा इथल्या कारखान्याच्या खर्चाशी काय संबंध? पाणी कुणाच्या धरणाचं, आणि त्याची किंमत उसाच्या दरात धरलीय का?

दुधाचं गाव असेल तर फॉन थ्यूनेन. १८२६ मध्ये त्यानं मांडलं की नाशवंत माल शहराच्या अगदी जवळच्या वर्तुळात पिकतो. आणि कोल्हापूरचं दूध तर रात्रीत टँकरनं मुंबईला पोचतं. सिद्धांत चुकला का? नाही, शीतगृह आणि महामार्गानं अंतराचा खर्च बदलला आणि वर्तुळ ताणलं गेलं. हे उत्तर स्वतः शोधलंत तर २००८ चं नोबेल पॉल क्रुगमन यांना व्यापार आणि आर्थिक व्यवहारांच्या स्थानावरच्या कामासाठी का मिळालं, हे पुढे वाचताना अंगावर येणार नाही. इचलकरंजीत यंत्रमाग आणि कोल्हापुरात फौंड्री का एकवटल्या, हाही त्याच जातीचा प्रश्न.

आकडे कुठून आणायचे? राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर येते, मराठीत मिळते, फुकट आहे. गाववार शाळा, बँक, पाणी, रस्ता हवं तर जनगणनेची जिल्हा पुस्तिका. ती २०११ ची आहे, त्यानंतरची जनगणना लांबली, तेव्हा आकडा लिहाल तिथे वर्ष लिहा. बाजारभाव अ‍ॅगमार्कनेटवर, उपग्रह चित्रं इस्रोच्या भुवनवर, आणि हे सगळं नकाशावर टाकायला क्यूजीआयएस, तेही मोफत. साधा लॅपटॉप पुरतो.

पायरी ६: फील्ड प्रोजेक्ट आठवडे बाजारात करा

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिट असतात. बहुतेक मुलं ‘अमुक गावाचा सामाजिक-आर्थिक अभ्यास’ असं नाव देऊन मोकळी होतात आणि मागच्या बॅचचाच अहवाल नाव बदलून देतात. त्यापेक्षा आठवडे बाजार घ्या. एका दिवसात हातात येतो आणि दोन्ही विषय त्यात सारखे मुरलेत.

वॉल्टर क्रिस्टालरनं १९३३ मध्ये केंद्रस्थानांचा सिद्धांत मांडला, त्यात दोन गोष्टी आहेत: दुकान टिकायला किमान किती गिऱ्हाईक लागतं, आणि त्या वस्तूसाठी माणूस किती लांब यायला तयार असतो. ज्या मालाला एका गावातलं गिऱ्हाईक रोज पुरत नाही, तो विक्रेताच मग गावोगाव फिरतो. सोमवारी इथे, मंगळवारी शेजारच्या गावी. भांडीवाला आणि कापडवाला कुठून येतात आणि भाजीवाली कुठून, एवढं जरी नकाशावर रेघा मारून दाखवलंत तरी फरक ठळक दिसेल.

आदल्या आठवड्यात नुसतं फिरून या. ग्रामपंचायतीत बाजारपट्टीच्या पावत्यांची विचारणा करा, त्यावरून दुकानांचा अंदाज येतो. वसुलीचा ठेका दिला असेल तर ठेकेदाराला भेटा. प्रश्नावली एका पानाची ठेवा आणि ओळखीच्या दोघा-तिघांवर आधी तपासा. ‘उत्पन्न किती?’ असं विचारू नका, खरं उत्तर येत नाही, आणि का यावं? ‘आज किती क्रेट आणले, किती उरले, टेम्पोचं भाडं किती पडलं, उद्या कुठला बाजार’ असं विचारा, उत्पन्नाचा अदमास तुम्हीच काढाल. सकाळी माल मांडताना कुणाला छळू नका. दुपारी गिऱ्हाईक ओसरतं तेव्हा लोक आपणहून बोलतात. पालापाशी बसून बोलायचं, उभ्यानं वही उघडली की तुम्ही पंचायतीची माणसं ठरता. भाजी घेऊन परत या, हे वेगळं सांगायला नको.

अहवालात नकाशा एक तरी स्वतः काढलेला हवा आणि तक्ता एक तरी स्वतः भरलेला. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमकं तेच विचारतात.

सहाव्या सत्राच्या आसपास ऑन जॉब ट्रेनिंग येतं, बहुधा चार क्रेडिटचं. कॉलेज जागा शोधून देईल म्हणून थांबू नका. तालुक्याची बाजार समिती, सहकारी बँक, पाणलोटात काम करणारी संस्था, महापालिकेचा नगररचना विभाग, खासगी जीआयएस कंपनी. अर्ज आधीच्या सत्रात द्यायचा, सोबत तो बाजाराचा नकाशा जोडायचा.

पायरी ७: चौथं वर्ष करायचं का

तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडता येतं आणि नेहमीसारखं दोन वर्षांचं एम.ए. करता येतं. चार वर्षं केलीत तर पुढचं एम.ए. एका वर्षात होऊ शकतं, म्हणजे एकूण काळ तेवढाच. ‘ऑनर्स विथ रिसर्च’ हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, तेव्हा हा विचार पहिल्या सत्रापासून गुणांत दिसायला हवा. आपल्या कॉलेजात संशोधनाला मार्गदर्शक असतील आणि तालुक्यावरचं काम पुढे न्यायची इच्छा असेल तर चौथं वर्ष तिथेच करा. विभागात दोनच प्राध्यापक असतील, त्यातले एक तासिका तत्त्वावर, तर तीन वर्षांनी मोठ्या विद्यापीठात गेलेलं बरं.

बाहेर जायचं असेल तर लक्षात ठेवा, जॅमचे अर्ज परीक्षेच्या आधी काही महिने, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. सीयूईटी पीजी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, त्याच्या मागोमाग. तिसऱ्या वर्षाचा निकाल लागल्यावर ‘आता बघू’ म्हणणाऱ्याचं ते वर्ष गेलेलं असतं. पाचवं सत्र सुरू झालं की हे अर्ज शोधायला बसा.